छाट

तिचं नाव मी इथे घालणार नाही.
कायदा तसं सांगतो, आणि घरकुलात
नाव पसरायला
पाचव्या दिवशी येणाऱ्या पाण्याची एक रांग पुरते.

तिच्या आईचं घालते : नरसव्वा मेरगू.
तिनेच सांगितलंय, माझं घाल.

मांडीवर सूप, सुपात पान, जर्दा, दोरा,
वयाच्या नवव्या वर्षापासून.
सकाळी ब्रँचला जायचं. चेकर कट्टा उचलतो,
दोन बोटांत दाबून बघतो,
सैल, आखूड, फाटकं पान,
म्हणत बाजूला फेकतो. ती छाट.
छाटीचे पैसे नाहीत. छाट परतही मिळत नाही.
त्यावर कुणी भांडत नाही,
एप्रिलच्या उन्हाशी कोण भांडतं सोलापुरात?

माघात नरसव्वाला कावीळ झाली.
शाळेतून आल्यावर पोर वळू लागली,
जेमतेम सहाशे, नवशिका हात,
आणि सकाळी तीच जाऊ लागली द्यायला.
कार्डावर छाटीच्या रकान्यात
शून्य आलं.
दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्य.
आई हरखली. कार्ड आळीभर दाखवलं.
मलाही दाखवलं.
मी अंगणवाडीची बाई, मला हिशेब येतो,
मीही म्हणाले, छान.

सतरा शून्यं.
अठराव्या सकाळी पोर सूप पालथं घालून
त्याच्यावर बसली. उठेना.

चौकीत साहेब म्हणाले,
सतरा दिवस काय करलालाव मग?
माणूस बरा आहे की तो,
गड्ड्याच्या जत्रेत पाणपोई घालतो.
पुरावा आहे काय?
नरसव्वाने कार्ड पुढे सरकवलं.
त्यांनी पाहिलं, परत दिलं.
ह्यात तर तुमचाच फायदा दिसतो, बाई.

अशोक चौकापर्यंत ती काही बोलली नाही.
रात्री दार दार फिरली.
विचारलं कुणालाच काही नाही. एवढंच म्हणाली,
तुझं कार्ड दाव.
जुनीसुद्धा.
पत्र्याच्या पेट्यांतून, देवाच्या फोटोमागून
तीन कार्डं निघाली.
तेच अक्षर. तीच निळी शाई.
शून्याखाली शून्य, शून्याखाली शून्य.
त्यातल्या एका घरची पोर
चार वर्षांपूर्वीच भिवंडीला देऊन टाकलेली, घाईत.
त्या आईने कार्ड दिलं
आणि दार लावून घेतलं.

मग हवालदार मुलाणीबाई घरी आल्या,
वर्दी न घालता, साध्या सलवार-कमीजमध्ये,
चपला बाहेर काढून.
पोर तेलुगूत सांगायची, मी मराठीत,
त्या लिहायच्या.
पंख्याला खरखर होती, तो बंद केला.
घाम आला तिघींना.
एके ठिकाणी पोर म्हणाली, वद्दू अन्नानु.
मी म्हणाले, नको म्हणाली ती.
बाईंनी लिहिलं, विरोध केला.
पोर मराठी वाचते. नववीत आहे.
तिने बोट ठेवलं त्या शब्दावर.
हे मी नाही म्हणाले.
मी वद्दू म्हणाले. तीनदा.
मुलाणीबाईंनी माझ्याकडे पाहिलं,
ओळ खोडली, शेजारी सही केली,
आणि देवनागरीत लिहिलं :
वद्दू. वद्दू. वद्दू.

आता कागद कोर्टात आहे.
तारीख पडते, पुढची पडते.
त्याचा वकील म्हणतो, हिशेबातली चूक.
समजुतीला दोन माणसं येऊन गेली,
पिशवीत साडी होती,
पिशवीसकट परत गेली.
भिवंडीहून अजून कुणी आलेलं नाही.
पोर शाळेत जाते. कधी जात नाही.

ब्रँचला नवा चेकर आलाय.
काल त्याने नरसव्वाच्या
बावन्न विड्या छाटल्या.
बायका म्हणाल्या, मेला फार कडक.
ती मात्र कार्ड डोळ्यांजवळ धरून
रकान्यातला आकडा बघत राहिली.
पाच. दोन.
घरी येऊन
पोरीलाही दाखवला.